देवगाव फाटा : रस्त्यांच्या तोंडून गावांचा इतिहास

इतिहासाचा तास म्हटला म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे देवगिरी, रायगड, पानिपत अशी मोठी नावे उभी राहतात, आणि आपल्या स्वतःच्या गावास इतिहास नाही अशी त्यांची समजूत होऊन बसते. ही समजूत खोटी आहे, एवढेच या लेखात दाखवावयाचे आहे. त्यासाठी आम्ही मुद्दाम असे ठिकाण निवडले की, तेथे पाहण्यासारखे काही नाही असे कोणीही म्हणेल. ते ठिकाण म्हणजे परभणी जिल्ह्यातील देवगाव फाटा.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोन शिक्षक व वरच्या वर्गातील तीन विद्यार्थी पाच दिवस या भागात हिंडलो. आमचे वाहन थोडे निराळे होते. एका पालकांनी आपल्या जुन्या टेंपोच्या मागील भागात दोन्ही बाजूंस निजण्याजोग्या फळ्या ठोकून घेतल्या होत्या. एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, दुसऱ्यात शेगडी आणि वर कपड्यांसाठी दोरी. गाडी तेच हाकीत असत, आणि मुले त्यांस मामा म्हणत. दोघांनी गाडीत, बाकीच्यांनी देवळाच्या ओसरीवर किंवा शाळेच्या पडवीत निजावे, असा क्रम होता. अशा बिऱ्हाडाचा मोठा फायदा हा की, मुक्कामाचे गाव गाठण्याची घाई नसते. शेतकरी दिवसभर रानात असतो. तो घरी भेटावयाचा तो दिवेलागणीस किंवा भल्या पहाटे. नेमक्या त्याच वेळी आम्ही गावात असू. इतिहास विचारावयाचा तर माणसे घरी असताना जावे, हा या सहलीतील आमचा पहिला धडा.

चाकांवरच्या घरातून प्रवास करण्याची ही रीत आता सरकारनेही मनावर घेतली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. कॅरॅव्हॅन हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला असला, तरी त्याचे मूळ फारसी ‘कारवान’ या शब्दात आहे, आणि कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. आपल्या मराठवाड्यास तांडा शिकविण्याचे कारणच नाही. आगगाडी येण्यापूर्वी बंजारा अथवा लमाण लोक हजारो बैलांच्या पाठींवर धान्य व मीठ लादून, बायकामुलांसह, दख्खनभर फिरत असत. त्यांचे घर रस्त्यावरच असे.

परदेशात याच रीतीने इतिहास वाचणारे लोक आहेत. अमेरिकेत शिकागो शहरापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत जाणारा ‘रूट सहासष्ट’ नावाचा रस्ता १९२६ मध्ये ठरविण्यात आला. त्याच्या काठी शेकडो लहान गावे वाढली. पुढे रुंद व सरळ असे नवे महामार्ग झाले, जुन्या रस्त्यावरील रहदारी आटली आणि १९८५ मध्ये त्याचे नाव सरकारी यादीतून काढून टाकण्यात आले. पुष्कळ गावे ओस पडली. परंतु आज लोक आपली फिरती घरे घेऊन मुद्दाम त्याच जुन्या रस्त्याने जातात आणि प्रत्येक लहान गावी उतरून त्याची हकीकत विचारतात. रस्ता गावास वाढवितो आणि रस्ताच त्यास टाकून जातो, हे तेथे जितके खरे, तितकेच आपल्याकडेही खरे आहे.

आता देवगाव फाट्याकडे वळू. जालन्याहून मंठ्यावरून जिंतूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यास सेलूचा रस्ता जेथे फुटतो, ते हे ठिकाण. येथून दक्षिणेस सेलू, पाथरी, सोनपेठ, परळी, अंबाजोगाई अशी गावे घेत लातुराकडे जाणाऱ्या रस्त्यास आता राष्ट्रीय महामार्गाची पदवी मिळाली आहे. फाटा म्हणजे झाडाची फांदी फुटावी तसे रस्त्याचे फुटणे. गावास वेस असते, पार असतो, पांढरी असते. फाट्यास यांपैकी काही नसते. चहाची हॉटेले, पंक्चरचे दुकान, पानाची टपरी आणि येणाऱ्या गाडीकडे डोळे लावून उभी असलेली माणसे, हा त्याचा संसार.

आमच्यातील सर्वांत धाकट्या विद्यार्थ्याने उतरताच विचारले, “सर, येथे पाहावयाचे काय?” त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. आम्ही त्यास सांगितले, “येथे पाहू नकोस, येथून पाहा. हा रस्ता कोठून येतो व कोठे जातो ते विचार, आणि प्रत्येक गावी एकच प्रश्न घेऊन जा : या गावाचे तोंड कोणत्या रस्त्याकडे आहे?”

फाटा हे मोटारीचे अपत्य आहे. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ मध्ये अवघ्या २७ मोटारगाड्या घेऊन रस्त्यावरील उतारूंची वाहतूक सुरू केली. बैलगाडी गावोगाव थांबत जाते. मोटार ठरल्या जागीच थांबते. म्हणून आतल्या गावचा माणूस चालत रस्त्यावर येऊन उभा राहू लागला, आणि जेथे माणसे उभी राहतात तेथे कोणीतरी चहाचे आधण ठेवतोच. मराठवाड्यातील किती तरी फाटे याच रीतीने वसले. तेव्हा फाट्याचाही इतिहास आहे. तो फक्त तरुण आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही जिंतूरच्या अंगास निघालो. दोन्ही बाजूंस काळी जमीन, कपाशी फुटून पांढरी झालेली आणि वेचणीस बायका उतरलेल्या. या रस्त्यावर जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव लागते. धावत्या मोटारीतून पाहणाऱ्यास ते इतर गावांसारखेच दिसेल. आत शिरल्यावर मात्र मुले स्तब्ध झाली. गोकुळेश्वराचे मंदिर, पायऱ्या उतरत जाणारी बारव, उंच कोरीव स्तंभ आणि घरांच्या जोत्यांतून डोकावणारे नक्षीचे दगड! अशा मंदिरांस आपण हेमाडपंती म्हणतो. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावरून हा शब्द पडला. तो महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या कारकिर्दीत, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, होऊन गेला. परंतु चुन्यावाचून दगडात दगड बसविण्याची ही पद्धत त्याच्याही पूर्वीची आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

आम्ही मुलांस विचारले, “एवढे बांधकाम करावयास पैसा कोठून आला असेल?” लहानशा खेड्याच्या शेतसाऱ्यातून असे स्तंभ उभे राहत नाहीत. जेथे अशी मंदिरे दाटीने आढळतात, तेथे सत्तेचा किंवा व्यापाराचा वरदहस्त होता, असे अनुमान करता येते. बारवेचेही तेच. बारव केवळ देवाच्या स्नानासाठी नसे; वाटसरू व त्याची जनावरे यांची तहान तिच्यावर भागत असे. ज्या रस्त्याला पाणी, तोच रस्ता खरा, असा तो काळ होता. पुढे सत्ता देवगिरीहून निघून गेली, वाटा बदलल्या आणि दगड मात्र जागच्या जागी राहिले.

चारठाण्याहून पुढे जिंतूर. त्याच्या जवळच नेमगिरीची टेकडी असून तीतील गुंफांत नेमिनाथ, पार्श्वनाथ इत्यादी जैन तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती आहेत. त्यांतील पार्श्वनाथाची प्रचंड मूर्ती लहानशा दगडावर तोललेली असून ती अधांतरी असल्याचा भास होतो. जैन व्यापारी ज्या मार्गांनी हिंडले, त्या मार्गांवर त्यांची तीर्थे उभी राहिली, हे इतरत्रही दिसून येते. याच तालुक्यातील डोंगराळ भागात बंजाऱ्यांचे तांडे आज स्थिर वस्ती करून आहेत. ज्यांनी एके काळी दख्खनचे धान्य पाठीवर वाहिले, त्यांचा धंदा आगगाडीने व पक्क्या सडकांनी बुडविला आणि ते एका जागी बसले. त्यांच्या वस्तीस आजही गाव न म्हणता तांडा म्हणतात. शब्द हालचालीचा, वस्ती मात्र स्थिर! एका शब्दात एवढा इतिहास साठलेला असतो.

परतताना घडलेला एक प्रसंग येथे सांगितलाच पाहिजे. एका लहान गावी (त्याचे नाव देत नाही) रस्त्याच्या रुंदीकरणासाठी खुणा केल्या होत्या. त्या खुणांच्या आत, नळाजवळ, बायका ज्यावर धुणे आपटीत होत्या, त्या दगडावर आमच्या एका विद्यार्थ्यास घोडा दिसला. पाणी ओतून पाहिले तो ती वीरगळ निघाली. लढताना कामास आलेल्या वीराच्या स्मरणार्थ असे दगड उभारीत. खालच्या चौकटीत युद्ध, मधल्या चौकटीत अप्सरा वीरास स्वर्गास नेत आहेत आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करीत आहे, माथ्यावर चंद्र व सूर्य, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. येथे मधली चौकट धुण्याने झिजून गुळगुळीत झाली होती.

तेथे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंस मुलांनी विचारले, “आजी, हा दगड कोणाचा?”

त्या म्हणाल्या, “माह्या सासूच्याबी आधीचा हाये, बाबा. ती सणावाराला ह्याला पानी घालायची, कुकू लावायची. कोन हाये ते तिला ठाऊक असंल. म्या कधी इचारलं न्हाई.”

“म्या कधी विचारलं नाही!” हे शब्द ऐकून आम्हां सर्वांस चटका बसला. तलवारीने जो मरण पावला, त्याचे नाव कोणा शत्रूने पुसले नव्हते. एका पिढीने दुसरीस न विचारल्यामुळे ते गेले होते, आणि आता भरावाखाली दगडही जाणार होता. आम्ही ग्रामपंचायतीत जाऊन ही गोष्ट सांगितली. दगड गाडीत घालून शाळेत न्यावा, अशी एका मुलाची सूचना होती. ती आम्ही मानली नाही, कारण ठिकाणावरून हलविलेला दगड अर्धा मुका होतो आणि तो गावचा ठेवा गावाचाच असतो. सायंकाळी गावातील सात-आठ तरुणांनी दोर लावून तो मारुतीच्या पारावर नेऊन उभा केला. आजींनी त्यावर तांब्याभर पाणी घातले. वीराचे नाव काही कळले नाही. पण तो कोणीतरी होता, एवढे गावास पुन्हा कळले.

चौथ्या दिवशी फाट्यावर परत येऊन आम्ही दक्षिणेचा, सेलूचा रस्ता धरला. सेलूचे तोंड निराळ्याच रस्त्याकडे आहे, आणि तो रस्ता लोखंडाचा आहे. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड यांवरून हैदराबादेकडे जाणारा मीटर मापाचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला. सेलू त्यावरील स्टेशन होय. ज्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो तिला बाजार हवा असतो, आणि तो बाजार आता बैलाच्या पाठीवरून उतरून डब्यात बसला. स्टेशनाच्या गावी आडत, सरकी काढण्याचे कारखाने, वखारी वाढतात. मागोमाग शाळा येतात. १९९० च्या दशकात या मार्गाचा हा भाग रुंद मापाचा झाला. चारठाण्यात दगड बोलतात, तर सेलूत रुळ व कापसाचे गठ्ठे बोलतात.

सेलू तालुक्यातील वालूर येथेही आम्ही वाकडी वाट करून गेलो. तेथील बारव पाहिल्यावाचून कोणी विद्यार्थ्याने परभणी जिल्हा पाहिला असे म्हणू नये. सामान्यतः बारवेच्या पायऱ्या सरळ उतरतात. वालूरच्या या बारवेत त्या गोलाकार फिरत पाण्यापर्यंत जातात, जणू शंखाचा वेढा. गाळ व झुडपांनी भरलेली ही विहीर अलीकडच्या काळात लोकांनी श्रमून मोकळी केली. पाणी काढण्याची गरज नळाने संपविली म्हणजे विहीर कचऱ्याची जागा होते. आणि आठवण राहिली तर तीच विहीर गावाचे भूषण होते. फरक केवळ आठवणीचा आहे.

शेवटचा मुक्काम पाथरी. येथे आमच्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर मिळाले. अकबराच्या कारकिर्दीतील ‘आइने-अकबरी’ ग्रंथात वऱ्हाड सुभ्यातील सरकारांची, म्हणजे मोठ्या विभागांची, यादी आहे. तीत पाथरी हे एक सरकार आहे. त्याच्याही आधीची एक हकीकत फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. अहमदनगरची निजामशाही १४९० मध्ये स्थापन करणारा मलिक अहमद याचा बाप मूळचा पाथरीच्या कुळकर्णी ब्राह्मण घराण्यातील असून तो लहानपणी बहामनी सैन्याच्या हाती लागून मुसलमान झाला होता. पुढे अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहास आपल्या पूर्वजांचे हे गाव हवेसे वाटले. त्याने वऱ्हाडच्या इमादशहास पाथरीच्या मोबदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. तो नाकारला गेला, तेव्हा १५१८ मध्ये त्याने स्वारी करून ते जिंकून घेतले. वाडवडिलांच्या एका गावासाठी दोन राज्ये लढली! ज्या मुलांस आपल्या आजोबांचे गाव ठाऊक नसते, त्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

मग एवढे मोठे पाथरी मागे का पडले? याची कारणे अनेक असतील. परंतु एक कारण नकाशावर स्पष्ट दिसते. लोहमार्ग पाथरीस आला नाही. तो उत्तरेकडून, सेलूवरून, निघून गेला. या मार्गावर ‘मानवत रोड’ नावाचे एक स्टेशन आहे. स्टेशनाच्या नावात ‘रोड’ असेल तर समजावे की खरे गाव तेथे नाही. तेथे उतरून पुढे रस्त्याने जावे लागते. मानवत हे कापसाचे प्रसिद्ध बाजारपेठेचे गाव, पण त्यासही आगगाडी थोडी दुरूनच भेटली. जिल्ह्याचे ठाणे होण्याचा मान लोहमार्गावरील परभणीस मिळाला, आणि जे पाथरी एके काळी सरकारचे मुख्य ठिकाण होते ते तालुक्याचे गाव राहिले.

परतीच्या वाटेवर, रात्री पुन्हा देवगाव फाट्यावर गाडी उभी करून आम्ही शेगडीवर पिठले व भाकरी केली, आणि मुलांस वहीत एक कोष्टक मांडावयास सांगितले. चारठाण्यास वाटसरूंच्या व सत्तेच्या जुन्या वाटेने मोठे केले. पाथरीस सुभ्यांच्या व सरकारांच्या राजकारणाने मोठे केले. सेलूस लोहमार्गाने मोठे केले. फाट्यास मोटारीने जन्म दिला. प्रत्येक रस्ता आपल्याबरोबर एक गाव वर आणतो, आणि पुढचा रस्ता आला की ते थोडे बाजूस सारतो. ज्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी “येथे पाहावयाचे काय?” असे विचारले होते, त्याने आता विचारले, “मग सर, या फाट्याचे पुढे काय होईल?”

हाच खरा प्रश्न आहे. जालन्यावरून जाणारा मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण लांबीने खुला झाला आहे, आणि जालन्याहून परभणी जिल्ह्यातून नांदेडकडे जाणारा द्रुतगती महामार्ग योजिलेला आहे. अशा रस्त्यांवर गाड्या वाटेतल्या गावी थांबत नाहीत; त्यांस ठरावीक जागीच चढता-उतरता येते. रस्ते होऊ नयेत असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आजारी माणूस लवकर दवाखान्यात पोहोचतो, शेतमालास दूरचा बाजार मिळतो, हे मोठेच कल्याण आहे. परंतु रस्त्याने जे बाजूस पडते त्याची नोंद कोणीतरी ठेवली पाहिजे, आणि ते काम सरकारी इंजिनिअरांचे नव्हे. ते गावच्या मुलांचे आहे.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचे सांगणे असे. प्रत्येकाने एक वही करावी व आपल्या गावाविषयी चार गोष्टी टिपाव्यात. पहिली, गावाची जुनी वेस कोणत्या दिशेस आहे व तीतून जाणारी वाट कोठे जात असे. दुसरी, बारवा, जुन्या विहिरी व कोरीव दगड कोठे आहेत. त्यांची छायाचित्रे घ्यावीत, मापे घ्यावीत, परंतु दगड हलवू नये व त्यावर रंग फासू नये, आणि नवीन काही सापडल्यास ग्रामपंचायतीस व तलाठ्यास कळवावे. तिसरी, शेतांची, वाटांची व गल्ल्यांची जुनी नावे, कारण नाव हा न झिजणारा शिलालेख आहे. चौथी, घरातील वृद्धांच्या आठवणी, त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून. हे सर्व करावयास फिरते घर लागत नाही. सायकल पुरते, पायही पुरतात.

पालकांसही एक विनंती आहे. या भागातील जुने दप्तर पुष्कळसे मोडीत व उर्दूत आहे. घरच्या पेटीत वाचता न येणारे कागद असतील, तर ते रद्दीत घालू नयेत. आज तुम्हांस वाचता येत नाहीत. उद्या तुमच्या नातवास शिकता येतील. आणि मुलांनी काही विचारले, तर “तुला काय करावयाचे आहे?” असे म्हणून त्यांस गप्प बसवू नये.

नळाजवळच्या त्या आजींस सासूला विचारावयाचे राहून गेले. त्यांचे त्यात काही चुकले नाही. विचारावे असे त्यांस कोणी सांगितलेच नव्हते. पण आमच्या विद्यार्थ्यांस तशी सबब उरली नाही. हा अंक घरी नेल्यावर प्रथम आजीजवळ किंवा आजोबांजवळ बसावे, आणि विचारावे : आपल्या गावाचे तोंड कोणत्या रस्त्याकडे होते?